थाप देऊन थांबणाऱ्या शेळकंदेबाई

शेळकंदेबाई एसटीत जेंबे मांडीवर घेऊन बसत. हा आफ्रिकी ढोल त्यांनी पुण्याच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या असताना हौसेने घेतला होता. कंडक्टरने मागे ठेवायला सांगितलं की म्हणत, "ऱ्हाऊ द्या भाऊ, लेकरू हाय माझं. न्हाई रडायचं." मढहून ओतूरला आणि तिथून पायी आमच्या प्राथमिक शाळेत, आठवड्यातून दोनदा. मी मुख्याध्यापक. विशेष मुलांच्या वर्गासाठी त्यांची नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं, तक्ते-बिक्ते घेऊन येतील. आल्या त्या जेंबे, अरबांकडचा दरबुका आणि घरची हलगी घेऊन.

शिकवणं साधं. मुलासमोर मांडी घालून बसायचं, दोन थापा द्यायच्या आणि थांबायचं. त्याची थाप येईपर्यंत, तास संपला तरी. मला ते बघवत नसे. शांतता पडली की माझी जीभ वळवळते. तालुक्यात कुठेही कार्यक्रम असला की सूत्रसंचालन माझ्याकडे, आणि मला त्याचा भारी अभिमान. एकदा मी दारातूनच म्हणालो, "वाजव ना बाळा." बाई मागे न बघता म्हणाल्या, "सर, त्याची पाळी हाय. तुमची न्हाई."

त्या वर्गात सुमन होती. नऊ वर्षांची, स्वमग्न. आईच्या हाकेलाही तिने कधी ओ दिली नव्हती. बाई कित्येक महिने तिच्यासमोर थापा देत राहिल्या. मी विचारलं, "बाई, काही उपयोग?"

"लई आत हाय ती. यायला येळ लागतो."

एका बुधवारी सुमनने जेंब्यावर दोन थापा परत दिल्या. मग दर वेळी द्यायला लागली. तिची आई खिडकीबाहेरून ऐके. एकदा डोळे पुसत म्हणाली, "बाई, मला देईल का वो अशी?"

"देईल की. तुमीच बसायचं तिच्यासमोर. पर आजून थोडं पक्कं व्हऊ द्या."

तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं. आईच्या थापेला लेकीचं उत्तर, हे मला पाहुण्यांपुढे दाखवायचं होतं. बाई नको म्हणाल्या. "सर, आई-लेकीचं बोलणं हाय ते. चारचौघांत कशाला?" मग मी त्यांना मुख्याध्यापक कोण आहे याची आठवण करून दिली. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मंचावर सुमनच्या आईने दोन थापा दिल्या आणि थांबली. सगळे गप्प. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. माईक माझ्या हातात होता. मला राहवलं नाही. म्हणालो, "एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, स्पीकर कर्कश वाजला. सुमन कान दाबून किंचाळत राहिली.

मंचामागे बाई भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, हात उचलला व्हता तिनं."

सुमनने पुन्हा वाद्याला हात लावला नाही. पुढे शाळेतही येईना. बाईंची आंबेगाव तालुक्यात बदली झाली, त्या पेठच्या शाळेत जाऊ लागल्या. माफी मागायची म्हणून मी दोनदा पेठचं तिकीट काढलं आणि स्टॉप आल्यावर जागचा उठलोच नाही.

गेल्या वर्षी बाई काविळीने गेल्या. दहाव्याला मढला गेलो. त्यांच्या यजमानांनी मला ओळखलं. जमलेल्या माणसांना म्हणाले, "हे ओतूरकडचं सर. लई मान द्यायची ती यांना. एका पोरीचं मनाला लावून घेतलं व्हतं तिनं. म्हणायची, चूक माझी, मी तिला स्टेजवर न्यायला नको व्हतं."

मग श्रद्धांजलीचे चार शब्द बोलायला मलाच पुढे केलं. मी चांगलं बोललो. बाईंच्या निष्ठेवर बोललो, त्यांच्या चिकाटीवर बोललो. बायांनी डोळ्याला पदर लावले. यजमान हात जोडून ऐकत होते. चूक बाईंची नव्हती, माझी होती, हे एक वाक्य तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही.