चंद्रामावशीचं पश्चात्तापपत्र

चंद्रामावशी गणपतीचे डोळे आखायच्या आधी प्रभूची प्रार्थना म्हणायची. ओठांतल्या ओठांत, पण एकही शब्द न गाळता. आमेन झालं की श्वास रोखायची आणि एका दमात बुबुळाची कड ओढायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. पेणच्या एका कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली, ओळीनं मांडलेल्या बिनडोळ्यांच्या मूर्तींसमोर ती पाटावर बसली होती. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा नवा सचिव, सभासदांची यादी नीट करायला हिंडत होतो. दारातून मी "चंद्राबाई?" अशी हाक मारली, तर वर न बघता तिनं डावा हात उचलून मला थांबवलं. दुसरा डोळा पुरा झाल्यावर म्हणाली, "एक डोला झाल्यावर हाक मारू नये भाऊसाहेब. दुसरा तिरका जातो. मंग गिऱ्हाईक म्हनतं, बाप्पा माज्याकडं बघतच नाय."

मी हसलो. त्या दिवशी मी हसलो होतो, हे आधी लिहून ठेवतो.

आमची मंडळी लहान. पेण आणि रोहा मिळून तीसेक घरं. रोह्याला एक जुनं कौलारू प्रार्थनाघर आणि त्यामागे दफनभूमी; पेणला भाड्याची एक खोली. पाळकसाहेब एकच, म्हातारे, एक रविवार इथे तर एक तिथे. मी मूळ रोह्याचा, तहसील कचेरीत कारकून म्हणून पेणला आलो होतो, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणत. वय सत्तावीस. अर्ज, ठराव, नोटीस यांची भाषा मला चांगली येत होती, आणि ती येते याचा मला गर्व होता.

मावशी जन्मानं ख्रिस्ती नव्हती. तिचा नवरा फुप्फुसाच्या दुखण्यानं वर्षभर अंथरुणावर होता. घरचे लोक उंबऱ्यापर्यंत येत. पाळकसाहेब मात्र आठवड्यातून दोनदा येऊन त्याला पुसून काढत, कपडे बदलत. नवरा गेला आणि सहा महिन्यांनी मावशीनं बाप्तिस्मा घेतला. कुणी विचारलं, कशावरून विश्वास बसला, तर ती आडपडदा ठेवत नसे. "माज्या नवऱ्याचं ढुंगन त्याच्या भावानं धुतलं नाय, पाळकसाहेबानं धुतलं. मी म्हनलं, ह्या मानसाचा देव खरा असनार." प्रार्थनेच्या खोलीत बायका पदराआड हसायच्या. पाळकसाहेब खाली बघायचे. मला वाटायचं, ही काय साक्ष झाली? यात पाप नाही, तारण नाही, शास्त्रातलं एक वचन नाही.

तिची खरी साक्ष झाली ती पुढच्या श्रावणात. आमच्याकडे उपासनेत कुणीही उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, अशी रीत आहे. मावशी कधी उठत नसे. त्या रविवारी उठली. "नवरा गेल्यावर सहा म्हैने माजा हात कापत व्हता," ती म्हणाली. "डोला धड येत नव्हता. मी प्रभूला सांगितलं, बाबा, माज्याकडं दुसरं काय बी नाय, हा हात तेवढा धर. आनि त्यानं धरला. तवापासनं परत्येक बाप्पाच्या डोल्याआधी मी त्याची प्रार्थना करते. ह्या वर्षी एक डोला चुकला नाय. प्रभूची स्तुती असो."

ती खाली बसली. एकानंही आमेन म्हटलं नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून आणखी मोठ्यानं म्हणाली, "स्तुती असो!"

तोवर तिचं काम सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. आता ते उपासनेत बोललं गेलं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची बैठक मीच बोलावली. मीच म्हणालो की मूर्ती करू नको ही देवाची दुसरी आज्ञा मोडणं एक, आणि ती मोडताना प्रभूची मदत मागणं त्याहून भयंकर. ठरावाचा मसुदाही माझाच: मूर्ती घडवणारा, साचा काढणारा, रंगवणारा किंवा आखणारा सभासद लेखी पश्चात्तापपत्र देईपर्यंत प्रभुभोजनास अपात्र राहील, व त्या अवस्थेत मरण पावल्यास मंडळीच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही. मी "वाहून नेणारा" हा शब्दही लिहिला होता. तो वाचताच आमच्या पंचांतले शिमोनकाका खाकरले. गणपतीच्या हंगामात त्यांचा टेम्पो पेणहून मुंबईला मूर्ती नेत असे. मी तो शब्द खोडला. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "तिच्याशी आधी बोलू या का?" मी पेन पुढे केलं, आणि त्यांनी सही केली.

ठराव सांगायला मीच कारखान्यात गेलो. मावशीनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "टेम्पोवाला यात नाय?"

"नाही."

"म्हंजे बाप्पा टेम्पोत बसला की पाप खाली उतरतं व्हय?" शेजारी रंग कालवणारी मंदा फिसकन हसली. मावशी हसली नाही. "भाऊसाहेब, मी डोले काढते. त्याला हात जोडत नाय. हात जोडते ते एकालाच. हे त्याला ठाव हाय."

"मग लिहून द्या. काम सोडा, पश्चात्ताप झाला म्हणा, संपलं."

"झाला असता तर दिलं असतं. उपाशी ऱ्हायले असते. पन मना जे पाप वाटत नाय ते पाप वाटतं असं लिवून देऊ? त्याच्या नावानं लबाडी करू? आनि त्या लबाडीवर त्याची भाकर खाऊ?"

मी ठरावाची घडी घातली. म्हणालो, "ते तुमचं तुम्ही बघा."

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. स्टीलच्या थाळीत भाकरीचे तुकडे, दुसऱ्या थाळीत द्राक्षरसाचे इवले पेले. थाळी फिरवायचं काम माझं. त्या रविवारी मावशीनं नेहमीसारखा हात पुढे केला. मी थाळी उचलून तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिली. तिला वाटलं, माझं लक्ष नाही. हळूच म्हणाली, "संपली काय?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला नाही."

सगळ्यांनी ऐकलं. मी हळू बोलू शकलो असतो. बोललो नाही, कारण सगळ्यांनी ऐकावं असं मला वाटत होतं.

आम्हाला वाटलं, आता ती यायची थांबेल. ती थांबली नाही. सहा वर्षं येत राहिली. रोह्याला उपासना असली की सकाळच्या गाडीनं रोह्याला यायची. दर पहिल्या रविवारी हात पुढे करायची, दर वेळी मी थाळी वरून न्यायचो. तिच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. रविवारच्या शाळेत दुसरी आज्ञा शिकवताना मी तिचं नाव घेत नसे, पण मुलं मागे वळून तिच्याकडेच बघत, आणि मी त्यांना बघू देत असे. एकदा शिमोनकाकांच्या बायकोनं तिला टोमणा मारला, "मिळत नाही ठाऊक आहे, तरी हात कशाला पसरायचा गो?" मावशी म्हणाली, "द्यायचं नाय असा तुमचा नियम हाय. मागायचं नाय असा कुटं हाय?"

पाळकसाहेबांनी मला एकदा एसटी स्टँडवर गाठलं. "भाऊ, मी थाळी घेऊन तिच्याकडे जाऊ का? एकदाच." मी त्यांना त्यांच्याच सहीची आठवण करून दिली. गाडी लागली, आणि ते मान हलवून चढले. त्या माणसानं परक्याचं दुखणं हातानं काढलं होतं, आणि तो माझ्या एका कागदाला भ्याला.

मग मावशीला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं. ऐन हंगामात, पाटावर बसल्या बसल्या. सरकारी दवाखान्यातून घरी आणल्यावर मंदा तिचं सगळं करत होती. पंचांची बैठक बसली आणि शिमोनकाका म्हणाले, "आता तिच्यानं आखणी होत नाही. म्हणजे काम सुटलं. आता फक्त पत्राचा प्रश्न." सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. हात लुळा पडल्याचं ऐकून मला हायसं वाटलं, हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

मी तिच्या नावानं पश्चात्तापपत्र लिहून काढलं आणि पाळकसाहेबांबरोबर तिच्या खोलीवर गेलो. मंदा चहा ठेवायला मागे गेली. पाळकसाहेबांनी पत्राची वाट पाहिली नाही. भाकर मोडली आणि तुकडा तिच्या ओठांशी नेला. सहा वर्षं जे ती मागत होती ते तिच्या तोंडापासून बोटभर अंतरावर होतं.

मावशीनं तोंड फिरवलं. बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळत होते. "हात चालत व्हता तवा नाय दिली. आता हात मेला, म्हनून मी चांगली झाले व्हय?"

"चंद्राबाई, माझ्यासाठी घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमच्यासाटी घेतली असती. पन ही तुमची नाय. ही भाऊसाहेबाची हाय."

पाळकसाहेबांनी तुकडा रुमालात ठेवला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. ते रडत होते. खोलीत मी आणि ती. मी शाईचा पॅड उघडला. पत्र नसेल तर रोह्याला जागा मिळणार नाही, हे तिच्याच भल्यासाठी आहे, असं मी तिला सांगितलं. ते खरं नव्हतं. तो ठराव माझा होता, एका दिवसात रद्द करता आला असता. मला फक्त तिनं हरायला हवं होतं. मी तिचा उजवा हात उचलला. तो जड आणि गार होता. अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर. तिला तिथे काही जाणवत नसणार, पण ती बघत होती. आधी अंगठ्याकडे, मग माझ्याकडे. ओरडली नाही. मी तिचा अंगठा माझ्या रुमालानं पुसला. मंदा चहा घेऊन आली तेव्हा कागद माझ्या खिशात होता.

पाचव्या दिवशी मावशी गेली. भाकर न घेताच गेली.

रोह्याच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. पाळकसाहेब तापानं पडले होते, म्हणून प्रार्थना शिमोनकाकांनी चालवली. कबरीशी उभं राहून त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं: मी माझं पाप ओळखलं आहे, मूर्तीच्या कामाबद्दल मला मनापासून पश्चात्ताप झाला आहे. मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले. तिच्या बाकावर सहा वर्षं न बसणाऱ्याच त्या बायका. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. आजही आमच्या मंडळीत नव्या सभासदांना शिकवताना चंद्राबाईंच्या पश्चात्तापाचा दाखला देतात. मी तिथे बसलेला असतो, केस पांढरे झालेले, पंचांचा प्रमुख.

त्या दिवशी कारखान्यातल्या बायका दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. लोक पांगल्यावर मंदा आत आली, सरळ माझ्यापाशी.

"मावशीनं सही कवा केली ओ?"

"सही नाही. अंगठा."

"कंचा?"

मी फाटकाकडे बघितलं.

"उजवा मेला व्हता. डाव्याला शाई नव्हती, मीच आंघोल घातली तिला. उजव्याच्या नखात व्हती." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कुनी उठवला?"

"मंडळीनं," मी म्हणालो.