शनिवारची आग

शुक्रवारी जरा टेकलेलं अंग शनिवारी उठायलाच तयार नसतं. बहारीनमध्ये ऑफिसवाल्यांना शुक्रवार-शनिवार सुट्टी, आम्हा वेल्डिंग शेडवाल्यांना फक्त शुक्रवार. शनिवारी पहाटे अरादहून कंपनीची गाडी पकडायची, तोंडावर काच ओढायची आणि रिफातल्या कुणाच्या तरी बंगल्याचं फाटक जोडत बसायचं. सव्वीस वर्षं हेच. डोळे चुरचुरतात, पाठ धरते. कंटाळा आलाय, खोटं कशाला बोलू?

खोटं बोललो ते वडिलांशी.

आम्ही रायगडातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू; शनिवार आमचा विसाव्याचा दिवस. घरचा तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावानं आम्हाला नाव ठेवलं शनवार तेली. मी वेल्डिंग शिकायला निघालो तेव्हा वडील भडकले. म्हणाले, "लोखंडाचं मूळ ठाऊक आहे का तुला? आपल्या धर्मग्रंथात तांब्या-लोखंडाची हत्यारं घडवणारा पहिला माणूस कुणाच्या वंशात निघाला? सख्ख्या भावाचा जीव घेणाऱ्याच्या!"

मी कसला ऐकतोय! म्हटलं, "आणि देवाचा तंबू उभारताना सोनं-तांबं घडवायला कारागीर कुणी निवडला? त्याच्या हातात कसब कुणी घातलं? देवानंच ना?"

वडील सावकाश म्हणाले, "देवानंच. पण त्या कारागिराला बोलावण्याआधी काय सांगितलंय? सातव्या दिवशी घरात आग पेटवायची नाही. आधी विसावा, मग भाता. एवढं पाळ आणि खुशाल लोखंड बडव."

मी शब्द दिला. तरुणपणी शब्द द्यायला काय जातं?

इथं आल्यावर पहिल्याच शनिवारी काम लागलं. आमचा फोरमन रत्नागिरीकडचा मुसलमान, आमची सगळी कुळकथा त्याला पाठ. "काय रे शनवार तेल्या, आज घाणा चालू?" म्हणून हसायचा. मीही हसायचो आणि ठिणगी पाडायचो. सुट्टी मागून बघितली एकदा, तर वरून अरबीत उत्तर आलं, मफी, म्हणजे नाही. पुन्हा मागायचं धाडस झालं नाही, आणि पुढे पुढे मागावंसंही वाटेना. त्याचीच मला जास्त लाज वाटते. वडिलांना मात्र दर शुक्रवारी दुपारी फोन करून सांगायचो, उद्या आराम, उद्या काही पेटवत नाही.

गेल्या महिन्यात वडिलांचा आवाज पार बसलेला. नव्वदीला टेकलेत आता. म्हणाले, "या सुट्टीत येशील, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी पेल्यावरची प्रार्थना तू म्हण. माझ्याच्यानं होत नाही. घरात दुसरं आहे कोण?"

शनिवारच्या विसाव्याचं स्वागत करायचा, द्राक्षाच्या रसाचा तो चांदीचा पेला आजोबांनंतर वडिलांच्या हातात आलेला. कुठल्या तोंडानं हात लावू त्याला? हो म्हणून टाकावं असंही वाटलं, एवढी वर्षं खपलं तसं हेही खपेल. पण थकलो होतो. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"बाबा, मला नाही जमणार. सव्वीस वर्षं मी शनिवारी आग पेटवतोय."

वाटलं, खलास. या वयात म्हाताऱ्याच्या जिवाला काय हा घोर लावला मी!

"ठाऊक आहे," वडील म्हणाले. "शुक्रवारी दुपारी निवांत फोन करतोस. लागोपाठ दोन दिवस सुट्टी कुठला शेठ देतो रे?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर लाजेनं फोनच बंद केला असतास."

मला रडू फुटलं. एवढा बाप्या माणूस, खोलीत भिंतीकडे तोंड करून रडलो. वडील थोडं खोकले.

"पेला घासून ठेवतो," म्हणाले. "ये."