कातळातली सवत

आमचे हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पाऊस जरा ओसरला की रविवारी सकाळीच उठून ते दौलताबादच्या पुढच्या डोंगरात जायचे. तिथं एका काळ्या कातळाच्या भेगेत सोनकीच्या कुळातलं एक पिवळं रानफूल उगवतं, ते बघायला. बरोबर त्यांच्याच विभागातल्या एक मॅडम असायच्या. सुरुवातीला विद्यार्थ्यांचं टोळकंही असे. पुढे मुलं पांगली, पण या दोघांचं जाणं काही थांबलं नाही, निवृत्तीनंतरसुद्धा.

त्यात वाकडं काही नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. मॅडमचं घर नवरा, लेकरं, सुना यांनी गजबजलेलं, आणि ह्यांना ‘सर’शिवाय दुसरी हाक त्यांनी कधी मारली नाही. वाकडं काही असतं तर बरं झालं असतं, भांडायला तोंड तरी असतं. माझं दुखणं वेगळंच होतं, ते बोलण्याचं होतं. घरात हा माणूस तोलूनमापून बोलायचा. मीठ कमी आहे. गॅसवाला येऊन गेला का. विजेचं बिल भरलं का. मग हाच माणूस तिकडे डोंगरावर सकाळपासून दुपारपर्यंत एका बाईशी काय बोलत असेल? मला वाटायचं, माझ्या वाटणीचं सगळं बोलणं तिथं खर्ची पडतंय. हेवा वाटायचा, असं म्हणणं सभ्यपणाचं झालं. मी जळायचे.

त्यात डबा मीच भरून द्यायचा. मॅडमना तुझे धपाटे फार आवडतात, जरा जास्तीचे घाल, असं हे आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे. मी धपाटे घालायचे, दही घालायचे, आणि ठेच्यात हिरव्या मिरच्या जरा सढळ हातानं टाकायचे. मॅडम तो ठेचा मिटक्या मारत खायच्या आणि वर निरोप पाठवायच्या की असा ठेचा उभ्या शहरात मिळत नाही. डबा घासूनपुसून परत यायचा, आणि रिकामा कधीच यायचा नाही. कधी सीताफळं, कधी पेरू, ईद असली की शीरखुर्मा. तो शीरखुर्मा इतका चांगला असायचा की माझा आणखीनच तिळपापड व्हायचा.

हे घरी आले की मी दारातच विचारायचे, एवढा वेळ काय बोलत होता वर? बुटाची नाडी सोडता सोडता ते म्हणायचे, “काय नाय. फूल बघत होतो.”

फूल बघायला किती वेळ लागतो? आमच्या पडेगावच्या घरात कुंड्यांमधून शेवंती फुलते. तिच्याकडे ह्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांचा गुडघा बदलला आणि डोंगर बंद झाला. यंदा भाद्रपद सरत आला तशी ह्यांची चुळबुळ सुरू झाली. पाऊस मध्येच दडी मारून बसला होता, भेगेत रोप आलं असेल की नाही, याचा घोर लागला होता. शेवटी मॅडमनीच तोड काढली. त्यांच्या गाडीतून जायचं, ह्यांनी खाली झाडाच्या सावलीत बसायचं, मॅडम वर जाऊन फोटो काढून आणतील. मी म्हणाले, मीही येते.

“तू? तू कशाला?”

“तुमच्या त्या भेगेत काय सोनं पुरलंय, ते बघू दे की एकदा.”

चढताना माझा दम निघाला. मॅडमही माझ्याच वयाच्या, पण निसरड्या जागी त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. तो झिडकारावासा वाटत होता आणि सोडवतही नव्हता. कातळापाशी पोहोचलो तर समोर एवढंसं रोप. करंगळीच्या नखाएवढी पिवळी फुलं. ह्याच्यासाठी मी इतकी वर्षं धपाटे थापले?

मॅडमनी गळ्यातलं भिंग माझ्या हातात दिलं आणि ते फुलाला नाही, डोळ्याला लावून खाली वाका म्हणाल्या. मी वाकले. ज्याला मी एक फूल म्हणत होते, ती सगळी फुलांची गर्दी होती. मध्ये बारीक बारीक नळकांडी, प्रत्येकाचं तोंड पाच टोकांचं, काहींतून दोन फाट्यांचा तंतू वर आलेला. भोवतीच्या पाकळ्या म्हणाव्यात, तर त्यातली प्रत्येक पाकळी म्हणजेही एक वेगळं फूल, तेही फक्त मादी, मॅडमनी समजावलं. मुळं भेगेत खोल शिरलेली, कारण बाहेरचा दगड तापला तरी आत ओल टिकते. मॅडम म्हणाल्या, पाऊस संपला की रोप वाळतं, बियांना पांढरे केस फुटतात आणि त्या वाऱ्यावर उडून जातात. त्यातली एखादी अशाच भेगेत अडकली तर पुढच्या वर्षी उगवते. म्हणजे दरवर्षी रोप नवंच. त्या नव्या रोपाला बघायला हे दरवर्षी डोंगर चढायचे, आणि घरी मी होते तिथंच होते. मी भिंग परत दिलं आणि सरळच विचारलं, इतकी वर्षं सर इथं तुमच्याशी काय बोलायचे?

मॅडमनी भिंग ओढणीनं पुसून पुन्हा गळ्यात अडकवलं.

“भाभी, गुस्सा नका करू. मीच तुमच्यावर जळायचे. सर इथं एक लफ्ज बोलत नाहीत. भिंग लावून बसले की बसले. मला वाटायचं, सगळं बोलणं घरी तुमच्यासाठी राखून ठेवतात.”

मी त्या कातळावरच बसले. मग आम्ही दोघींनी हिशेब मांडला. त्यांच्या वाट्याला ‘पाणी आहे का’ आणि ‘निघू या’ आलं होतं, माझ्या वाट्याला मीठ आणि गॅसवाला. दोघींचं एकत्र केलं तरी एक धड संभाषण होत नव्हतं. आधी मला हसू आलं, मग त्यांना, आणि मग ते थांबेचना. हसता हसता डोळे कशानं भरले ते मी तपासलं नाही. इतकी वर्षं मी भलत्याच बाईवर जळत होते. खरी सवत भेगेत बसली होती, वाऱ्यावर डोलत होती आणि तिला याचा पत्ताही नव्हता.

डबा तिथंच उघडला. मॅडमच्या सुना, माझे दुखरे खांदे, त्यांच्या माहेरचा विहिरीवरचा पेरू, बिडकीनला दिलेली माझी बहीण, असं काय काय निघत गेलं. धपाटे कधी संपले ते कळलं नाही. फोटो काढायचं तर उठता उठता आठवलं.

खाली आलो तेव्हा हे गाडीबाहेर काठी टेकून उभे होते. चेहरा उतरलेला. मी मोबाइल पुढे केला, त्यात फूल होतं, पण त्यांनी त्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होते, मग मॅडमकडे.

“एवढा वेळ काय बोलत होता वर?” ते म्हणाले. “हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं.”

मी पदराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली. रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.

“काय नाय,” मी म्हणाले. “फूल बघत होतो.”