रस्त्याकडं तोंड केलेल्या चपला

आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई कुणाच्याही घरी गेल्या, की उंबऱ्याबाहेर चपला काढून आधी वळवायच्या. तोंड रस्त्याकडं. मंग आत. कुणी म्हणालं, "बाई, घाई हाये का?" तर म्हणायच्या, "बिलकुल न्हाई. पण उठल्यावर पायांना विचार पडू नये." तुम्हीही पाहिलं असेल असं एखादं माणूस, बसलेलं असलं तरी निघालेलं वाटणारं.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. मी नववीत होते. दिवाळी सरून थंडी नुकती पडायला लागली होती. भोकरदनच्या वरच्या डोंगरात, सागाच्या रानात एक तळं आहे, ते तेव्हा काठोकाठ असतं. तिथं आम्हा पोरींना घेऊन पायी जायचं आणि एक रात्र मुक्काम करायचा, असं बाईंनी ठरवलं. आमचे अण्णा म्हणाले, "पोरीची जात अन् रानात मुक्काम? न्हाई."

बाई घरी आल्या. चपला वळवल्या, चहा घेतला, म्हणाल्या, "मंग पोरीच्या आईला पाठवा सोबत."

अण्णा खो खो हसले. "हिला? ही शेजारच्या गल्लीत एकटी जात न्हाई!"

चुलीपुढून आई बोलली, "कधी निघायचं, बाई?"

तिचं ऐकून आणखी तीन-चार आया तयार झाल्या. वाट गवतानं बुजलेली, त्या साली अजून कुणी चाललंच नव्हतं. बाई काठी आपटत पुढं, आम्ही मागं. अर्ध्या चढावर आई धापा टाकायला लागली. बाईंनी तिचं गाठोडं सोडलं, तर आत वरवंटा!

"वैनी, डोंगरात दगडं कमी पडले का?"

"हा माझ्या हाताला बसलेला हाये."

बाईंनी तो आपल्या पिशवीत टाकला.

तळ्याकाठी सतरंज्या बांधून तंबू केले. आईनं खडकावरच ठेचा वाटला. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी फुगत होती, तेवढ्यात अण्णा सायकल ढकलत वर आले. "चल. घरी माझी आई इचारून राह्यली, भाकरी कोण टाकंल?"

आई उठली असती तर बाकीच्या आयाही उठल्या असत्या, अन् पुढं कुण्या पोरीला घरातून सोडलं नसतं.

बाई एवढंच म्हणाल्या, "आधी पाय धुवा दादा. पाणी थंडगार हाये."

अण्णा पाय धुवून आले. आईनं पुढ्यात भाकरी-ठेचा ठेवला. "खाऊन घ्या. घरी आत्याबाईंसाठी भाकरी बांधून ठेवल्यात, त्या न्या. आम्ही उद्या येतो."

अण्णांनी बाईंकडं पाहिलं. बाई ठेच्याच्या तिखटानं वाहणारं नाक पुसत होत्या. उजेड होता तोवर अण्णा एकटेच उतरले, हँडलला गाठोडं लटकवून.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. मंग दिवाळी सरली. आता कोण नेणार, म्हणून मी तोंड पाडून अंथरुणातच पडले होते. आईनं पांघरूण ओढलं. काखेत वरवंटा, अन् दाराबाहेर तिच्या चपला, रस्त्याकडं तोंड करून.

"ऊठ गं. बदली बाईंची झाली, तळ्याची न्हाई."