बडग्याच्या पाट्या

महाल भागातील तमाम नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते, की आमच्या गल्लीच्या बडग्यावरच्या पाट्या मी लिहीत नव्हतो. ब्रश माझ्या हातात असायचा, एवढंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारी पुतळी, मिरवणुकीनं निघते आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचा बडग्या. बांबू-कागदाचा पुतळा. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याची टर पाटीवर लिहून त्याच्या गळ्यात टांगायची, मिरवायची, आणि शेवटी त्याला जाळून टाकायचं.

आठ दिवस आधीपासून आम्ही संध्याकाळी कागद चिकटवायला बसायचो. कोपऱ्यावरचा शिंपी, माझा शाळेपासूनचा दोस्त, काहीतरी बिनकामाचं काढायचा.

"काल माही चप्पल खड्ड्यात फसली गा. निघालीच नाही."

समोरच्या काकू म्हणाल्या, "राहू दे तिथंच. पाणी पडून राहिलं, उगवंल."

"एकच उगवली तं?" कोणीतरी मागून ओरडलं.

मी ब्रश उचलला आणि लिहिलं: 'खड्ड्यात चप्पल पेरली आहे. जोडी उगवल्यावर कळवू.'

त्या वर्षी हसणाऱ्यांच्या गर्दीत बडग्या पुढे सरकेना. मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. मीही मान तिरकी करून, डोळे मिटून, थोर माणसासारखं ते घेतलं. चप्पल कोणाची होती, हे ना कोणी विचारलं, ना मी सांगितलं.

शाल अंगावर पडली की माणसाला आपल्यात प्रतिभा असल्याचा संशय येतो. मला तर खात्रीच पटली. पुढच्या वर्षी मी विषय ठरवून, वही घेऊन बसलो. शिंप्यानं सुरुवात केली, "काल माह्या मशीनमध्ये उंदीर..."

"मधात नको बोलू ना बे. माही लिंक तुटते."

त्यानं खळीची वाटी खाली ठेवली, बोटं पुसली. "दुकानात पँटी पडल्या हायेत," म्हणाला आणि गेला. परत आला नाही. काकूही मुकाट्यानं कागद चिकटवू लागल्या. मला मेल्याला ती शांतता आवडली! उंदराचं पुढे काय झालं, ते आजतागायत कळलेलं नाही.

घरी दार लावून मी अकरा पाट्या लिहिल्या. यमक चोख, शुद्धलेखन चोख. लोकांनी त्या विजेचं बिल वाचावं तशा वाचल्या आणि मागून येणाऱ्या बडग्याकडे माना वळवल्या. तेव्हा कुठे उमगलं, की सुचणं माझ्या डोक्यात नव्हतंच. ते त्या बसण्यात होतं, एकाच्या फालतू बोलण्यावर दुसऱ्यानं टाकलेल्या फालतू बोलण्यात होतं. आणि ते मी स्वतःच्या हातानं उठवून लावलं होतं.

चार दिवसांनी शिंप्याच्या दुकानात गेलो. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी एकच वाक्य निघालं. "तू नसला तं मले काही सुचतच नाही गा."

कापडावर रेघ ओढता ओढता त्याचा हात थांबला.

"मंग सांगतलं काहून नाही? मले वाटे, इतके वर्ष मीच तुले तरास देऊन राहिलो!"