किरगिजस्तानातून येणारी उचकी

पहिलेच सांगून ठेवतो. भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं मी काहीच मानत नाही. आमच्या तांड्यामागच्या विहिरीवर बाई दिसते म्हणून लोकं तिकडून जायले भ्यायचे. मी त्याच विहिरीच्या काठावर खाट टाकून दोन उन्हाळे झोपलो. बाई नाही दिसली, मच्छर दिसले. शाळा माही चौथीपर्यंत. लिहणं वाकडंतिकडं वाटलं तं वाचू नका, पण खोटं म्हणू नका. या सदरात लोकं हवेलीतल्या सावल्या लिहतात, माहं तं नुसत्या उचकीचं आहे. तरी लिहतो.

आमचा तांडा दिग्रसवरून पुसदकडे जातानी रस्त्यापासून आत, टेकडीच्या पायथ्याशी आहे. माह्या आज्यापर्यंत आमचे लोकं बैलावर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. आता आमचं वावर आहे, कापूस अन् तूर पिकते, गोठ्यात गाई-बैल आहेत. मुलगा विजय दिग्रसले जिनिंगमध्ये कामाले आहे. त्याची पोरगी पायल. ती डॉक्टरकी शिकाले किरगिजस्तानले गेली. या देशाचं नाव तोंडात बसवायले मले एक पावसाळा लागला. खर्च कसा केला ते मी इथं लिहणार नाही, तो घरचा मामला आहे. एवढंच सांगतो का तांड्यातून पोलीस झाले, मास्तर झाले, डॉक्टर एकबी नाही. पायल पह्यली.

गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, तोंड दिसते तो. जाड कोट घालून होती. मले पाह्यलं अन् रडाले लागली. "दादा, मले घेऊन जा. इथं मुडद्यावर शिकवते. मले भेव लागते." (आमच्यात आजोबाले दादा म्हणते.) "ये बाई" — हे शब्द माह्या ओठावर आलते. तेवढ्यात विजयनं फोन ओढून घेतला. त्याच दिवशी मी ठरवलं, ही डॉक्टर होऊन येत नाही तोपर्यंत मी फोनवर यायचं नाही. मी दिसलो का ती रडन, ती रडली का मी ये म्हणन, अन् ती आली का सप्पा मातीत.

माही बायको, म्हातारी, म्हणे, "लेकराशी न बोलाची कोणी आण घेते काय?"

म्हटलं, "मी घेतो."

मंग रविवारी फोन वाजला का मी गोठ्यात जाऊन बसो. तिचा आवाज तिथपर्यंत येते, शब्द येत नाही.

पह्यल्या हिवाळ्यात हे सुरू झालं. सकाळी ढोरं सोडायची वेळ. मी गाईचं दावं सोडून राह्यलो होतो अन् उचकी लागली. पाणी प्यालो, श्वास धरला, साखर खाल्ली… नाही. टेकडी चढेपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेले पुन्हा. तिसऱ्या दिवशीबी. रविवारी मात्र नाही आली, अन् सोमवारी पुन्हा हजर.

म्हातारी चुलीपासून उठली नाही, तिथूनच म्हणे, "पायल आठवण काढून राह्यली. नाव घ्या, थांबते."

म्हटलं, "रात्रीचं वांगं आठवण काढून राह्यलं."

शेजारच्या थावरानं दुसरा इलाज केला. एकदम दचकवलं का उचकी पळते म्हणतात. तो सकाळीच दारात येऊन उभा. "तुह्या गोऱ्ह्यानं माही सप्पा तूर खाल्ली."

"माहा गोऱ्हा — उच् — बांधलेला होता."

"मंग कोणाचा होता? पांढरा, तुह्यावाणी आडमुठा. भर पैसे."

मी असा पेटलो का विचारू नका. त्याच्या बापापर्यंत गेलो. भांडण जेवणवेळेपर्यंत चाललं अन् त्याच्यासंग उचकीबी चालली. शेवटी थावरा वैतागून म्हणे, "अबे, दवा देऊन राह्यलतो ना मी तुले!"

दिग्रसच्या डॉक्टरनं पोट दाबून पाह्यलं. गॅस म्हणे. गोळ्या खाल्ल्या. गॅस गेला असन, उचकी नाही गेली.

मंग एक दिवस टेकडीवर, ढोराशिवाय ऐकाले कोणी नाही असं पाहून, मीच परीक्षा घेतली. विजयचं नाव घेतलं. उच्. पोरीइचं घेतलं, जावयाचं घेतलं, सरपंचाचं घेतलं, माह्या मेलेल्या बैलाचं घेतलं. उच्, उच्. मंग हळूच म्हटलं — पायल. थांबली. लेकराच्या पाठीवर हात ठेवला का ते गप होते, तशी थांबली.

योगायोग म्हटलं. दुसऱ्या दिवशी नावं उलटीपालटी करून पाह्यली, पायलचं मधात घातलं. मधातच थांबली. शेजारच्या तांड्यात एक पायल आहे, तिले मनात आणून नाव घेतलं तं नाही थांबली. आपली आणली, थांबली. याच्यावर कोणी हुशार माणसानं मले समजावून सांगावं.

तरीबी मी मानलं नाही. पण झालं असं का… मी नाव लवकर घेणं बंद केलं. नाव घेतलं का ती जाते ना. म्हणून मी दगडावर बसो, ढोरं चरत राहत, अन् उचकीले चालू देवो. छाती दुखाले लागली का मंग नाव घेवो. दोन वर्षं माही सकाळ अशी गेली. घरचे रविवारी बोलत, मी बाकीचे दिवस. कोणाले सांगितलं नाही. म्हातारीले माहीत असन, कारण तिनं इलाज सांगणं बंद केलं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर उचकी आली नाही.

पह्यल्या दिवशी वाटलं, सुट्टी असन. मंग हप्ता गेला. मी दावं सोडो अन् उगाच थांबो, गाय वळून पाहे, हा म्हातारा चालत काहून नाही. सुकी भाकर ठेच्यासंग खाल्ली, वरून पाणी गटागटा प्यालो. ठसका लागला, उचकी नाही.

म्हातारी म्हणे, "सकायपासून तिसरी भाकर होय. पोटात काय आहे तुमच्या?"

"भूक आहे."

"भूक अशी नसते." तिनं तवा उतरवला. मंग म्हणे, "नाही येत काय आता?"

मी म्हटलं, "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. लेकराइच्या वार्डात लावलं तिले. हासत होती रविवारी."

"मंग विसरली असन आपल्याले."

"तुम्हीच तं म्हणत होते, तिचं मन तिकडे लागू द्या. लागलं."

पोरगी डॉक्टर व्हावी हेच मले पाह्यजे होतं. पण मन तिकडे लागता लागता तिकडचीच झाली तं? मंग डॉक्टर होऊन कोण येईन, अन् आमच्या दारात उभी राहणारी बाई मले ओळखन का नाही… पुढच्या रविवारी फोन वाजला अन् मी गोठ्यात गेलो नाही. म्हातारीच्या हातातून घेतला.

पायलनं फोन तोंडाजवळ आणला. नुसती पाहत राह्यली. चेहरा भरला होता, गळ्यात ती डॉक्टराची नळी. मंग म्हणे, "दादा, तू सुकला."

"तू शीक," मी म्हटलं, "माहं पाहू नको. काय शिकवते?"

"लेकरू कसं वाढते ते. कोणत्या महिन्यात मान धरते, कवा बसते, कवा उभं राह्यते. वेळेवर नाही उभं राह्यलं तं काहून नाही ते पाहाचं."

"तू तं लय उशिरा उभी राह्यली. सारे म्हणे, पोरगी अधू आहे. मंग एक दिवस गाईचं शेपूट धरून उठली."

"हे आमच्या पुस्तकात नाही, दादा." हासली. मंग तिनंच सांगितलं का तिथलेबी लोकं पह्यले आपल्यावाणीच जनावरं घेऊन फिरत, अजूनबी उन्हाळ्यात डोंगरावर तंबू टाकते अन् घोडीचं दूध पिते.

मी विचारलं, "भेव लागते काय अजून?"

"नाही लागत. पह्यले दोन वर्षं लय लागे. रोज सकाळी त्या मुडदे ठेवलेल्या हॉलच्या दारात मी डोळे मिटून उभी राहत होती. म्हणत होती, आता दादा ढोरं सोडून राह्यला. मंग आत जात होती. आता वार्डात लागली तवापासून नाही करत तसं. जाते सरळ."

मी उचकीचं कोणालेच सांगितलं नव्हतं, तिले तं नाहीच. बरं झालं, भेव गेलं… हे म्हणायले पाह्यजे होतं, पण मी नुसता फोन या हातातून त्या हातात घेतला.

"पण एक भल्लंच झालं दादा," पायल म्हणे. "या महिन्यात मलेच उचकी लागते. रोज सकाळी. लेकराची छाती तपासत असते अन् उच्. लेकरं हासते. तिथं एक म्हातारी नर्स आहे, रशियन बोलते. ती म्हणे, कोणीतरी तुही आठवण काढून राह्यलं, नावं घे."

"तिथल्या बायाबी असंच म्हणते?"

"हाव ना. मलेबी नवल वाटलं. मंग घेतली नावं. याडीचं घेतलं, बाचं घेतलं, दादीचं घेतलं." (याडी म्हणजे आई.)

"थांबली?"

"नाही." तिनं गळ्यातली नळी सावरली. "दादा, तू सकाळी काय करतो?"

"ढोरं सोडतो," मी म्हटलं. "अजून काय करणार."

मंग मी तिले माह्या उचकीचं सांगितलं. ती डॉक्टरावाणी ऐकत राह्यली. छाती अन् पोटाच्या मधात पडदा राह्यते, त्याची नस असते, ती चाळवली का उचकी लागते, असं सप्पा तिनं नीट समजावलं. मले पटलं. म्हटलं, "अन् नावानं काहून थांबते?"

"ते अजून नाही शिकवलं," पायल म्हणे.

आता मी रविवारी फोनवर असतो. ती रडत नाही, मी ये म्हणत नाही. मागच्या परीक्षेच्या दिवशी मी ठरवलं, आज तिची आठवण काढाची नाही, पोरीले पेपरात तरास नको. सकाळपासून थावराच्या ओट्यावर बसलो, कापसाच्या भावावर त्याच्यासंग मुद्दाम भांडलो, ढोरंसुद्धा त्यालेच सोडाले लावले. दुपारी तिचा फोन. "पेपर चांगला गेला, दादा. पण दोनदा पाणी प्याले बाहेर जा लागलं."

मी अजूनबी असलं काही मानत नाही. पण मले याचा पत्ता लागला नाही, हे खरं आहे. कोणाले कारण माहीत असन तं कळवा. उपाय नका कळवू.