भाताच्या होडीवरचे दोघे

१९९६ साल. मला सत्तेचाळीसावं लागलं होतं. केरळातलं गलाईचं दुकान पुतण्याच्या ताब्यात देऊन मी विट्याला भावाच्या घरी येऊन राहिलो, त्यालाही पाच वर्षं झाली होती. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकायचं, त्यातली खोट काढून चोख सोनं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. आमच्या भागातला घरटी एक तरी माणूस त्या धंद्यापायी परमुलखात आहे. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. पण सोन्यातली खोट मला नुसत्या रंगावरून कळायची. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडा मोठेपणा आहेच.

तेजाबाच्या वाफेनं डोळे अधू झाले म्हणून एका शुक्रवारी सांगलीला डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर दुपारी येणार होते. स्टँडवरून चालत निघालो तर एका थिएटरबाहेर ओल्या साडीतल्या बाईचं पोस्टर. फक्त प्रौढांसाठी. खाली बारीक गोल गोल अक्षरं होती. मला ती वाचता येत नव्हती, पण बावीस वर्षं ती दुकानांच्या पाट्यांवर बघितलेली. मल्याळी पिक्चर होता. तेव्हा मॉर्निंग शोला असले दक्षिणेकडचे पिक्चर लागायचे आणि माणसं तोंडाला टॉवेल गुंडाळून आत जायची. मी टॉवेल गुंडाळला नाही. मला बाई बघायचीच नव्हती. ती भाषा पाच वर्षांत कानावर पडली नव्हती, ती ऐकायची होती.

आत शंभरएक माणूस असेल. पिक्चर सुरू झाला, आणि पोस्टरवरची बाई पहिल्या पाच मिनिटांत ओढ्यावर धुणं धुऊन जी गेली ती गेलीच. पुढं सगळा पिक्चर दोन पुरुषांचा. भाताची पोती वाहणारी एक मोठी होडी, तिच्यावरचे दोन नावाडी. थिएटरवाल्यानं पोस्टर बघून पिक्चर आणला असणार, आणि पोस्टर काढणाऱ्यानं पिक्चर बघितलेला नसणार.

"ए आपरेटर, बाई कुठं ठेवलीस रं?" कुणीतरी ओरडलं.

"आमी काय पोती उचलाय आलोय व्हय?"

शिट्ट्या सुरू झाल्या. पण त्या शंभर माणसांत पडद्यावरचे दोघं काय बोलतायत ते फक्त मला कळत होतं. थोरला धाकट्याला म्हणत होता, "तुझ्या अंगाचा वास माझ्या सदऱ्याला लागलाय. धुऊ का नको, ते तू सांग."

मी खुर्चीचा दांडा धरला. आधी वाटलं, आता सगळं थिएटर वळून माझ्याकडं बघणार. कुणी बघितलं नाही. पुढचा माणूस शेंगा फोडत होता.

तोवर पिक्चर मी पुष्कळ बघितले होते. आमच्यासारख्याला त्यात काम एकच असायचं, कंबर हलवत यायचं आणि लोकांना हसवायचं. ते आलं की मीही सगळ्यांबरोबर हसायचो. नाही हसलं तर शेजारी बघतो. नाहीतर मग दोन जिवलग मित्र, गळ्यात गळा घालून गाणं म्हणणारे. त्यांच्यात मी माझ्या मनानं काहीबाही जोडून घ्यायचो, आणि पुढच्या रिळाला दोघांची लग्नं लागून जायची. इथं कुणी काही लपवलं नव्हतं. धाकट्याचं लग्न ठरतं, आणि थोरला स्वतःच्या हातानं होडी वल्हवत त्याला मांडवापर्यंत पोचवतो. परत येताना होडीत एकटा. संपला पिक्चर. कुणी मेलं नाही, कुणी रडलं नाही.

डॉक्टरकडं मी गेलोच नाही.

आता माझं सांगायला पाहिजे. गलाईच्या दुकानात रात्री एकट्यानं झोपायचं नाही, अशी आमच्यातली रीत होती. सोनं आत असतं. दोघांनी झोपायचं, आतून कडी घालायची, म्हणजे एकावर दुसऱ्याची नजर राहते. एकोणीस वर्षांचा असताना मी तिकडं गेलो. दुसरा होता तो रहिमतपूरचा, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, मामाच्या ओळखीनं आलेला. अकरा वर्षं आम्ही दुकानाच्या माळ्यावर एका अंथरुणात काढली. त्या मुलखात हिवाळा नसतो. थंडी वाजते म्हणून जवळ आलो, असं म्हणायची सोय नव्हती. तरी अकरा वर्षांत त्याबद्दल ना तो एक शब्द बोलला, ना मी. घरच्यांना संशय कसला येणार? रीतच होती. मग त्याचं लग्न ठरलं, बाप वारला होता, शेती बघायला कुणी नव्हतं, तो गेला. मी लग्नाला गेलो नाही. दुकान सोडून येता येत नाही, असं कळवलं. मी लग्न केलं नाही ते नाहीच. पण माझ्या मनात एक किडा राहिला. आमच्यात जे होतं ते त्याच्या लेखी काय होतं? नुसती दुकानाची रीत, की आणखी काही? विचारायला मी कधी गेलो नाही. मी काय म्हणून आधी विचारू?

त्या शुक्रवारी थिएटरातून निघालो तो सरळ पोस्टात. हा पिक्चर त्यानं बघावा, माझ्या शेजारी बसून बघावा. मग त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं असतं. विचारायची गरजच नव्हती. कार्डावर लिहिलं, "हळदीच्या कामासाठी गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने सांगलीस येणे." गुरुवार पिक्चरचा शेवटचा दिवस होता.

मधल्या दिवसांत मी रोज एसटीनं सांगलीला गेलो. दारावरचा तिकीट फाडणारा मला ओळखायला लागला.

"काका, काल बी सांगितलं, बाई न्हाई त्यात. पोस्टरावर हाय तेवढीच."

"म्हायती हाय."

"मग रोज कशाला येताय?"

"भाषा शिकतोय."

"ह्या वयात?" म्हणाला आणि लय हसला.

गुरुवारी तो गाडीतून उतरला. सोळा वर्षांत लग्नकार्यात लांबून दोनदा दिसला होता, तेवढाच. मिशा पिकलेल्या, पोट सुटलेलं.

"हळद? औंदा मी हळद लावलीच न्हाई गड्या, आलं लावलंय. कार्ड पोरीनं वाचलं. म्हणाली, आबा, तुमच्या मैतराला येड लागलं का?"

"चल, पिक्चर बघू."

"पिक्चर? ह्या वक्ताला?" तरी आला.

पहिलं वाक्य कानावर पडलं तसा तो ताठ बसला. "आरं, हे तर आपल्या तिकडचं!" आणि मग होडीवाल्यांच्या थट्टेवर आम्ही दोघंच हसत होतो. लोक वळून बघायला लागले, ह्या म्हाताऱ्यांना काय झालंय म्हणून. ती पहिली पंधरा-वीस मिनिटं मला आजही पुरतात.

मग सदऱ्याचं बोलणं आलं. त्याच्या तोंडात तंबाखू होती. जबडा हलायचा थांबला. मी त्याच्याकडं बघायचं म्हणून त्याला तिथं आणलं होतं, आणि आता मला मान वळवता येईना.

मागून एक पोरगा ओरडला, "ए, ह्ये दोगं नवरा-बायको हायत का काय?" सगळं थिएटर हसलं.

हा सावकाश मागं वळला. "तुला त्यांची भाषा कळतीया का?"

"न्हाई की."

"मग गप बस."

बाहेर आलो. स्टेशनजवळच्या गाड्यावर चहा घेतला. मी विचारणार नव्हतोच. त्यानं बशीतला चहा संपवला, बशी उपडी ठेवली.

"त्यानं होडी वल्हवली," तो म्हणाला. "तू आला न्हाईस."

"दुकान कुणी बघायचं होतं?"

"हां. दुकान." तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "पाटावर बसलो तवा मी दाराकडंच बघत हुतो. भटजी दोनदा म्हणाले, इकडं बघा. आला असतास तर उठलो असतो."

अकरा वर्षं आणि वर सोळा, एवढ्या काळात जे कळलं नव्हतं ते चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या कळलं. मी न जाऊन त्याला धडा शिकवला, असं मला वाटत आलं होतं.

"न्हाई आलास ते बरंच झालं म्हणा," तो म्हणाला. "तीन लेकरं झाली. बायको चांगली हाय. तिचं काय चुकलं?"

"काय न्हाई."

"आता कार्ड पाठवू नगंस. असं चोरून सांगलीला मी येणार न्हाई. यायचं तर घरला ये. चार माणसं येत्यात तसा ये, तिच्या हातचं जेव."

"मी कुणाच्या घरी असा जात न्हाई," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला, आणि प्लॅटफॉर्मवर गेला. गाडी यायला अजून तासभर होता. मी त्याच्यामागं गेलो नाही. त्यानंही वळून बघितलं नाही.

विट्याला पोचलो तर वहिनीनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. म्हटलं, डोळे ठीक आहेत. जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडदुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. दुकान उघडलं तसं एक नऊवारी घेतलं, खण घेतला, एक टॉवेल आणि टोपी घेतली.

"कुणाचं लगीन?" दुकानदारानं बांधता बांधता विचारलं.

"झालंय," म्हटलं. "आहेर राहिला हुता."

आणि पिशवी काखेत घेऊन रहिमतपूरकडं जाणारी एसटी धरली.